आठवा काटा

नवरा-बायको दोघंही काट्यांवर पोट भरणारी. नवऱ्याचे काटे घड्याळातले, बायकोचे माशांच्या पाठीवरचे. गल्लीत नवऱ्याला घड्याळजी म्हणत आणि संस्थेत बायकोला मोजणीबाई. ही दोन नावं इतकी मुरली होती की पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं खरं नाव वाचून दारात क्षणभर घुटमळायचा.

संस्था समुद्राची, म्हणजे समुद्रात सापडेल ते बरणीत घालून ठेवणारी. मागच्या अंगाला एक लांबलचक खोली होती. दोन्ही भिंतींना लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर बरण्या, बरण्यांत स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये मासे. खिडक्यांना जाड पडदे, कारण उजेडानं मासे आणखी फिके पडतात. नवा माणूस त्या खोलीत पाच मिनिटं उभा राहिला की त्याचं डोकं चढायचं. मोजणीबाईंना मात्र सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरात काहीतरी कमी आहे असं वाटायचं, आणि ते काय हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही.

सत्ताविसाव्या वर्षी त्या तिथे लागल्या, बरण्या धुण्यासाठी. स्पिरिट उडून कमी झालं की वर भरायचं, झाकणं आवळायची, आतली चिठ्ठी फाटली की नवी लिहून घालायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बारा चिठ्ठ्या सुंदर अक्षरात, बॉलपेननं लिहिल्या. दुसऱ्या दिवशी बारा बरण्यांत निळसर स्पिरिट आणि बारा कोऱ्या चिठ्ठ्या. चिठ्ठी पेन्सिलनंच लिहायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला, आणि पुढे खांद्याच्या पिशवीत कायम दोन टोक केलेल्या पेन्सिली ठेवल्या.

साहेब तेव्हा नुकतेच आलेले. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्यांनी एकाच माशाच्या मागे जन्म घालवायचा असं ठरवलं होतं. तो मासा वीतभर लांब, उथळ गरम पाण्यातला, आणि त्याच्या हनुवटीखाली दोन मिशा. त्या मिशांनी तो तळाची वाळू उकरून किडे शोधतो, आणि काम झालं की चष्म्याच्या काड्या मिटाव्यात तशा त्या गळ्याखाली मिटून ठेवतो. या मिशांवरून शास्त्रातल्या मंडळींनी त्याला बोकडमासा म्हटलं. बोकडाला दाढी असते, मिशा नव्हेत, हे घड्याळजींनी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं होतं. पण नावं ठेवणाऱ्यांना कोण नावं ठेवणार?

बोकडमाशांत पुन्हा वेगवेगळे वंश. साहेबांचा वंश म्हणजे ज्यांच्या टाळूवरसुद्धा बारीक दात असतात आणि बहुतेकांच्या शेपटीवर तिरके पट्टे असतात, तो. त्या एका वंशात डझनावारी जाती, आणि एकीला झाकावं अन् दुसरीला काढावं इतक्या सारख्या. जिवंत असताना त्यांना लाल, पिवळा, रुपेरी असे रंग असतात. स्पिरिटमध्ये महिनाभर राहिल्या की सगळ्या उकडलेल्या बटाट्यासारख्या दिसतात. म्हणून रंगावर जायचं नाही, मोजायचं. परातले, म्हणजे माशाच्या पंखातले, काटे मोजायचे, अंगावरच्या रेषेतले खवले मोजायचे, कल्ल्याच्या आतले कंगव्यासारखे दात मोजायचे, मिशीची लांबी मोजायची. "रंग फसवतो, आकडा फसवत नाही," असं साहेब म्हणत. साहेबांचं हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याची चांगलीच जिरणार आहे.

या मोजणीत सगळ्यात वरची पायरी पाठीवरच्या पहिल्या पराची. त्यात काटे सात की आठ? सात असले तर मासा एका गटात, आठ असले तर दुसऱ्या. इथे चुकलात की पुढचं सगळं चुकलं. आणि घोडं अडतं तेही नेमकं इथेच, कारण सातवाल्यांचा पहिला काटा चांगला लांब, डोळ्यात भरणारा असतो, आणि आठवाल्यांत त्याच्या पुढे आणखी एक असतो तो अगदी नखभर, नखभरही नाही, नखाच्या टोकाएवढा. कातडीखाली दबून बसलेला. जागेनं पाहिलं तर तो पहिला, पण सात मोजून झाल्यावर कुणाला तरी त्याची शंका येते, म्हणून संस्थेत त्याला आठवा काटाच म्हणत.

एके दिवशी साहेब सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसले होते आणि त्यांना मासा धरायला कुणीतरी हवं होतं. बरण्या धुणाऱ्या बाईंना बोलावलं.

"सात," साहेब म्हणाले आणि लिहायला वळले.

"आठ आहेत ना, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी पुन्हा पाहिलं. "सातच आहेत. तुम्हाला कुठे दिसला आठवा?"

"दिसला नाही. लागला." त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख माशाच्या मानेकडून शेपटीकडे हलकेच ओढून दाखवलं. "इथे अडकतंय बघा."

साहेबांनी पातळ पात्यानं तिथली कातडी उचलली. आत तांदळाच्या कणीच्या दहाव्या हिश्श्याएवढा काटा होता. साहेबांनी तो पात्याच्या टोकानं हलवून पाहिला. मग त्यांनी मांडणीवरच्या आणखी सहा बरण्या उतरवल्या आणि खुर्ची बाईंकडे सरकवली.

तेव्हापासून बरण्या धुवायला दुसरा माणूस आला आणि बाई मोजायला बसल्या. एकतीस वर्षं बसल्या. डोळ्याला घड्याळजींचं जुनं भिंग, हातात चिमटा, समोर नोंदवही. मोठमोठ्या पदव्यांची माणसं बाहेरून यायची, साहेबांशी वाद घालायची, आणि एखादा आकडा पटला नाही की साहेब हात झटकून म्हणायचे, "बाईंनी मोजलंय ना? मग झालं." हे वाक्य ऐकलं की मोजणीबाई मान खाली घालून काहीतरी पुसत बसायच्या. त्यांना आनंद व्हायचा, आणि तो कुणाला दिसू नये एवढीच त्यांची इच्छा असायची.

नख ही मात्र घरात कटकटीची बाब झाली. ते ठरावीक लांबीचं लागायचं. जास्त वाढलं तर वाकतं, कमी झालं तर काटा लागत नाही. म्हणून भांडी डाव्या हातानं, पीठ मळणं घड्याळजींकडे, डबा उघडायचा तर चमच्याच्या दांड्यानं. "नख तिचं नाही, संस्थेचं आहे," घड्याळजी पाहुण्यांना सांगायचे, "आम्हाला फक्त सांभाळायला दिलंय." लेक लहान असताना शाळेतून तक्रार आली होती, की नखं कापून या असं सांगितलं तर ही म्हणते माझी आई एकच ठेवते. घड्याळजींचं स्वतःचं काम असंच अंगठा-तर्जनीचं, त्यामुळे वरवर कितीही चिडवलं तरी बायकोचं नख तुटलं की ते स्वतःच्या बारीक कानशीनं नीट घासून द्यायचे. एकमेकांवर जीव असणं म्हणजे काय असतं, याची त्या घरातली खूण ही कानस होती. बाकी त्यांनी एकमेकांना गोड बोललेलं फारसं कुणी ऐकलं नाही.

एकदाच नखानं दगा दिला. एका जुन्या बरणीचं काचेचं झाकण आवळताना फुटलं आणि अंगठा नखासकट चिरला. तीन आठवडे पट्टी. घरी बसा म्हटलं तर मोजणीबाईंनी ऐकलं नाही. त्या काळात त्या नुसत्या भिंगानं मोजत राहिल्या. नंतर नख आलं, पहिल्यासारखंच आलं, आणि सगळे ते विसरून गेले. बाईसुद्धा.

याला सहा वर्षं झाली. बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना साहेब एका दुपारी नोंदवही उघडी ठेवूनच त्यांच्या टेबलाशी आले. साहेबांचीही निवृत्ती जवळ आली होती, दीड वर्ष राहिलं होतं. संपूर्ण वंशाची फेरमांडणी, वीस वर्षांचं काम, आता टंकलेखनाला गेलं होतं.

"बाई, या नऊ माशांचं काय करायचं?" त्यांनी पानावर बोट ठेवलं. एका मोठ्या बोटीनं खोल पाण्यातून एकाच जाळ्यात आणलेले नऊ मासे. "खवले, कल्ले, मिशा, सगळं त्या जुन्या पट्टेवाल्या माशासारखं. पण त्याला काटे आठ, आणि यांना नऊच्या नऊ माशांत सात. मी काल स्वतः भिंगाखाली पाहिले. सातच."

"मग?"

"मग ही नवी जात आहे." साहेब खुर्ची ओढून बसले. ते असे सहसा बसत नसत. "नव्या जातीला नाव द्यावं लागतं. मी तुमचं द्यायचं ठरवलंय."

मोजणीबाईंनी चिमटा खाली ठेवला. शास्त्रात नाव असं जोडतात की पुढे वंशाचं नाव, मागे माणसाचं, शेवटी एक शेपूट लावून. ते एकदा छापलं की कुणाला खोडता येत नाही. दोनशे वर्षांनी कुणी तो मासा धरला तरी त्या नावानंच धरणार. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण अशा शेकडो नावांच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः लिहिल्या होत्या. एकाही चिठ्ठीवर मोजणाऱ्या माणसाचं नाव नव्हतं.

"मला बरं वाटेल, साहेब," त्या म्हणाल्या. आणि मग घाईघाईनं उठून पाणी प्यायला गेल्या.

घरी सांगितलं ही त्यांची चूक म्हणा हवं तर. घड्याळजी ऐकून नुसते हं म्हणाले आणि दुकानात गेले. पण धाकटी नणंद त्या दिवशी आलेली होती, आणि नणंदेच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते. "आमच्या वहिनीच्या नावाचा मासा येतोय," तिनं शिवणाच्या वर्गात सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, बसच्या रांगेत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या मनात शंका आली.

"वहिनी, तो मासा खातात का गं?"

"खातात. चवीला चांगला असतो."

"म्हणजे लोक तुला तळून खाणार?"

"तू आत्ताच अर्धी खाल्लीस," घड्याळजी भिंगातून डोळा न काढताच म्हणाले.

घड्याळजी हं म्हणून दुकानात गेले होते ते उगाच नव्हे. निवृत्तीला बायकोला घड्याळ द्यायचं त्यांनी वर्षभर आधीच ठरवलं होतं. जुनं, पोलादी, पातळ, कुणीतरी मोडीत टाकलेलं, ते त्यांनी चक्र चक्र जमवून चालतं केलं होतं. आता त्याच्या पाठीवर काय कोरायचं हा प्रश्नच उरला नाही. त्यांनी लेकीकडून ते परभाषेतलं नाव कागदावर नीट लिहून घेतलं, आणि अकरा दिवस रोज दुपारी दुकानाची अर्धी फळी लावून ते अक्षर अक्षर कोरलं. हे लेकीला माहीत होतं. मोजणीबाईंना नव्हतं.

साहेबांचं बाड शुक्रवारच्या टपालानं जायचं होतं. बुधवारी मोजणीबाई त्या नऊ माशांना कायमच्या चिठ्ठ्या बांधायला बसल्या. नव्या जातीतला एक मासा मुख्य नमुना ठरतो, त्याला लाल चिठ्ठी लागते. पुढे जगात कुणालाही शंका आली तर तोच मासा बघायचा. त्यांनी मुख्य नमुना बशीत घेतला, दोरा ओवला, आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, अंगठा त्याच्या मानेवरून मागे नेला.

नख अडकलं.

त्यांनी पुन्हा नेलं. पुन्हा अडकलं. लांब काट्याच्या जरा पुढे, कातडीखाली, कणीएवढं काहीतरी. त्यांनी बरणीतले उरलेले आठ बाहेर काढले. सहांमध्ये लागलं. दोघांची पाठ जाळ्यात घासून खराब झालेली, तिथे काहीच कळत नव्हतं. मग त्यांनी नोंदवही काढली आणि तारीख पाहिली. तारखेच्या पानावरचं अक्षर त्यांचंच, पण वाकडं. पट्टी बांधलेल्या अंगठ्यानं पेन्सिल धरली की अक्षर असं येतं.

मासे परत बरणीत गेले. लाल चिठ्ठी त्यांनी पिशवीत ठेवली आणि त्या वेळेवर घरी गेल्या.

रात्रीचं जेवण झालं, भांडी झाली. त्यांना कळत होतं की आपण हे कुणालाही न सांगता राहू शकतो. साहेबांना सातच दिसतात, त्यांना आयुष्यभर सातच दिसत आले. बाकी कुणी त्या बरणीला हात लावणार नाही. नाव छापून येईल. नणंद पुन्हा बसच्या रांगेत सांगेल. लेक तो अंक कपाटात जपून ठेवेल. आणि हे नाव आपल्याला हवं आहे, किती हवं आहे, हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एकतीस वर्षं मान खाली घालून पुसत बसल्या होत्या त्या काय नाव नको म्हणून? नाव कुणी देत नव्हतं म्हणून.

"अहो," त्या म्हणाल्या, "घड्याळ दुरुस्त करून दिलं, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं, आणि मग तुम्हाला आठवलं की आत एक स्क्रू घालायचा राहिलाय. तर?"

"बोलवायचं परत."

"चालतंय की ते."

"आज चालतंय." घड्याळजींनी अंथरूण झटकलं. "कुणाचं घड्याळ आहे?"

"कुणाचं नाही," त्या म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी साहेब यायच्या आधीच त्या त्यांच्या खोलीत बरणी घेऊन उभ्या होत्या.

"साहेब, हे आठ आहेत."

"नऊ आहेत बाई, नऊ मासे."

"मासे नऊ. काटे आठ."

साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी माशावर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "मला काही लागत नाही."

"तुमची नखं कापलेली आहेत, साहेब." मग त्यांनी फुटलेलं झाकण, पट्टी, तारीख, सगळं सांगितलं, काहीही न गाळता. "चूक माझी आहे. तेव्हा थांबायला हवं होतं, नख येईपर्यंत. थांबले नाही."

साहेब खिडकीशी गेले. वीस वर्षांच्या बाडातली सगळ्यात मानाची दोन पानं गळणार होती, आणि माणूस कितीही सज्जन असला तरी अशा वेळी त्याला सज्जनपणा सुचत नाही. "खात्री आहे? मुख्य नमुना आहे हा, याला पातं लावता येणार नाही. नुसत्या तुमच्या नखावर मी..." एवढं बोलून ते अडखळले. गेली एकतीस वर्षं ते नुसत्या त्यांच्या नखावरच चालले होते.

"एक्स-रे काढा," बाई म्हणाल्या.

संस्थेत एक्स-रेचं यंत्र नव्हतं. मोठ्या इस्पितळात चिठ्ठीचपाटीत आठवडा गेला असता. पण चौकातल्या दातांच्या डॉक्टरकडे छोटं यंत्र होतं, एकेका दाताचं चित्र काढणारं, आणि एवढ्याशा काट्याला तेवढं भरपूर. दुपारी साहेब आणि मोजणीबाई त्या दवाखान्यात बाकावर बसले होते, बाईंच्या मांडीवर जेवणाचा डबा. डब्यात मासा, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्यात. शेजारचा गाल सुजलेला माणूस वासानं उठून दुसऱ्या बाकावर गेला.

"पेशंट कोण?" वहीवाल्या मुलीनं विचारलं.

साहेबांनी डब्याकडे पाहिलं.

"वय?" मुलीनं मान वर न करताच विचारलं.

"सांगता यायचं नाही," मोजणीबाई म्हणाल्या. "साधारण दोन."

डॉक्टर मात्र रसिक निघाला. रोज तेच ते दात बघून कंटाळलेला. त्यानं तीन कोनांतून चित्रं काढली आणि ओल्या फिती दिव्यावर धरल्या. पाठीवरचे सात काटे स्वच्छ पांढरे, आणि त्यांच्या पुढे, हाडाला चिकटून, एक ठिपका. ठिपका नव्हे. टोक असलेला.

"हा काय, कचरा?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "हा काटा आहे."

परतीच्या वाटेवर साहेब संस्थेच्या फाटकाशी थांबले. "हे उद्या टपालात गेलं असतं तर कुणाला कळलं असतं, बाई?"

"कधीतरी कुणाचं तरी नख वाढलं असतंच की, साहेब."

"तुमच्या नावाचं मात्र..."

"माझं नाव हजेरीपटावर आहे," त्या म्हणाल्या. बोलायला हे सोपं होतं. बरण्यांच्या खोलीत गेल्यावर त्यांनी पिशवीतली लाल चिठ्ठी काढली, तिच्यावर त्यांनी स्वतःच्याच हातानं स्वतःचंच नाव लिहिलेलं होतं, पेन्सिलनं, म्हणजे स्पिरिटमध्येसुद्धा न जाणारं. त्यांना वाईट वाटलं. खूप वाटलं. त्या मांडणीच्या मागे जाऊन रडल्या, आणि रडून झाल्यावर त्यांनी नोंदवहीतून त्या तीन आठवड्यांची पानं शोधून काढली. दोनशे चौदा मासे. निवृत्तीला बत्तीस दिवस.

घरी त्यांनी सरळ सांगितलं. घड्याळजी ऐकत होते, हातातली कानस हातातच राहिली. नणंदेला समजायला जरा वेळ लागला.

"म्हणजे मासा नाहीच?"

"मासा आहे. नवा नाही. जुनाच आहे, जुन्याच नावाचा."

"पण मी सगळ्यांना सांगितलंय गं. आता काय सांगू?"

"सांग, वहिनीनं पुन्हा मोजलं," घड्याळजी म्हणाले. आणि उठून दुकानात गेले, वेळ दुकान बंद करायची असताना.

बत्तीस दिवसांत मोजणीबाईंनी दोनशे चौदा मासे पुन्हा मोजले. अकरा ठिकाणी चूक निघाली. प्रत्येक ठिकाणी त्यांनी जुना आकडा खोडला नाही. त्यावर एक रेघ मारली, शेजारी नवा लिहिला आणि खाली तारीख घातली. शेवटचा मासा शेवटच्या दिवशी अकरा वाजता बरणीत गेला. बाड टपालाला महिनाभर उशिरा गेलं, दोन पानं कमी होऊन.

दुपारी निरोपाचा कार्यक्रम होता. खुर्च्या, चहा, एक हार. साहेब बोलायला उभे राहिले आणि त्यांना बोलता येत नसे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी खिशातून कागद काढला आणि फेरमांडणीतल्या ओळखीच्या तक्त्याची पहिली ओळ वाचली. त्या ओळीवरून पुढे जगातला कुणीही त्या वंशाचा मासा ओळखायला सुरुवात करणार होता. "पाठीवरच्या पहिल्या परात काटे सात किंवा आठ. आठ असल्यास पहिला अतिसूक्ष्म, कातडीखाली; डोळ्यावर विसंबू नये, नखानं तपासावा." साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "एवढंच," ते म्हणाले आणि बसले. मोजणीबाईंनी पुसायला काही हाताशी नव्हतं म्हणून हाराची फुलं सारखी केली.

घरी आल्यावर घड्याळजींनी एक डबी पुढे केली. पोलादी घड्याळ, पातळ, काचेवर एक ओरखडा नाही. मोजणीबाईंनी ते कानाशी धरलं, मग उलटं केलं. निवृत्तीच्या घड्याळाच्या पाठीवर नाव असतं, वर्ष असतं, काहीतरी असतं, हे घड्याळजींच्या बायकोला माहीत नसायचं काय? पाठ कोरी होती. आरशासारखी घासलेली, आणि एका बाजूला किंचित पातळ झालेली. कोरलेलं काही घासून काढलं की धातू असा पातळ होतो. ते कोरीव काम घासायला किती दिवस गेले असतील हे त्यांनी विचारलं नाही. तिथे काय होतं तेही विचारलं नाही.

"काहीच नाही लिहिलं?" त्या एवढंच म्हणाल्या.

"डोळ्यावर विसंबू नये," घड्याळजी म्हणाले. सकाळीच साहेबांनी ती ओळ दुकानात येऊन त्यांना वाचून दाखवली होती.

मोजणीबाईंनी उजव्या अंगठ्याचं नख घड्याळाच्या पाठीच्या उभ्या कडेवरून सावकाश ओढलं. एके ठिकाणी हलकेच अडकलं. अगदी हलकेच, केसाएवढ्या ओरखड्याला. मग पुढे नीट, खोल, ओळीनं सात खाचा.

त्या पुन्हा सुरुवातीला गेल्या आणि पुन्हा मोजलं.

"आठ," त्या म्हणाल्या.

"तू मोजलंस ना?" घड्याळजी दिवा मालवायला उठले. "मग झालं."